नाव कुठं घातलंय?

महाराष्ट्रात होणाऱ्या १०० बाळंतपणांपैकी जवळपास ९५ आता दवाखान्यात होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला (२०१९-२१) नेमका आकडा ९४.७ टक्के आहे. तिसऱ्या फेरीत, म्हणजे २००५-०६ मध्ये, तो ६४.६ होता. आणखी एक आकडा याच्याशेजारी ठेवायला हवा. २००७-०९ या काळात राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे १०४ माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ३३. देशाची सरासरी तेव्हा ९७ होती. म्हणजे बाळंतपणात बाई दगावण्याचं प्रमाण आपल्याकडे तीन हजारांत एक इतकं खाली आलं. आजीच्या पिढीला ही गोष्ट खरी वाटली नसती.

आता तिसरा आकडा. याच सर्वेक्षणात राज्यातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात. आधीच्या फेरीत (२०१५-१६) ती २०.१ टक्के होती. पण ही सरासरी फारसं काही सांगत नाही. ती फोडली तर सरकारी दवाखान्यांत १८.३ टक्के आणि खाजगीत ३९.१ टक्के. साध्या गणितानं १०० बाळंतपणं वाटून पाहा. पाच दवाखान्याबाहेर, ५६ सरकारीत, ३९ खाजगीत. सरकारीतल्या ५६ पैकी दहा सिझर, खाजगीतल्या ३९ पैकी पंधरा. जिथे बाळंतपणं कमी होतात तिथे सिझर जास्त.

बाळंतपणाची आखणी या विषयावर लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. बाईला काय हवं आहे, किती त्रास सोसायची तयारी आहे, हे सगळं महत्त्वाचं खरं. पण नाव कुठल्या दवाखान्यात घातलं, यानेच बरंच काही आधी ठरून जातं.

आणि नाव घालण्याच्या बाबतीत सांगलीकर भाग्यवान. सांगली-मिरज रस्त्यावर साधारण मधोमध विश्रामबाग आहे. एका हाताला सांगलीचं सिव्हिल, म्हणजे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय. दुसऱ्या हाताला मिरज. तिथे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल आणि १९६२ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. मधल्या रस्त्यावर वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं रुग्णालय, आणि गल्लोगल्ली प्रसूतिगृहं. दहाएक किलोमीटरच्या पट्ट्यात इतके पर्याय राज्यातल्या फार थोड्या गावांना आहेत. याच जिल्ह्यातल्या जत तालुक्यातून सांगली गाठायला ऐंशी-नव्वद किलोमीटर यावं लागतं.

पर्याय भरपूर असूनही निवड कशी होते? वहिनीची डिलिव्हरी तिथेच झाली होती. डॉक्टरीणबाईंचा हात हलका आहे. पार्किंग बरं आहे. यातलं एकही कारण वाईट नाही, पण वरच्या आकड्यांचा यात कुठेच पत्ता नाही.

आकडे वाचताना घाई मात्र करू नये. खाजगीत ३९ टक्के सिझर होतात, म्हणजे तिथले डॉक्टर पैशासाठी पोट फाडतात, असा सरळ निष्कर्ष काढणारे खूप भेटतात. सरकारीचा आकडा खाली दिसण्याचं एक कारण असं, की त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रंही मोजलेली असतात आणि तिथे सिझर होतच नाही. अडलेली बाई तिथून पुढे पाठवली जाते. खाजगीत येणाऱ्या बायका सरासरीने वयाने मोठ्या असतात आणि आधीचं सिझर झालेल्याही पुष्कळ असतात. कळा नकोतच, असं स्वतःहून सांगणाऱ्याही असतात. हे सगळं मान्य केलं तरी दुपटीचा फरक पुसला जात नाही. एका डॉक्टरवर चालणाऱ्या छोट्या प्रसूतिगृहात कळांसोबत बारा तास थांबणं कुणालाच परवडत नाही, ना वेळेच्या हिशेबात, ना कोर्टकचेरीच्या भीतीत. माझ्या मते लोभापेक्षा हे कारण मोठं आहे, आणि त्याची चर्चा कमी होते.

शेजारच्या तेलंगणात सिझरचा आकडा कुठे गेलाय पाहा: एकूण ६०.७ टक्के, खाजगीत ८१.५. दुसऱ्या टोकाला नागालँड, ५.२ टक्के. दोन्ही टोकं चिंतेचीच. नागालँडमध्ये गरज असूनही सिझर न मिळालेल्या बायका असणार. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्क्यांपलीकडे सिझर नेण्याचं समर्थन होत नाही असं म्हटलं होतं. २०१५ मध्ये तिने भाषा बदलली: लोकसंख्येच्या पातळीवर १० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत, पण ठराविक टक्का गाठण्यामागे न लागता जिला गरज आहे तिला सिझर मिळावं. तुमच्या एकटीच्या बाबतीत टक्केवारीला अर्थ नसतो. दवाखाना निवडताना मात्र असतो.

लेखी ‘बर्थ प्लॅन’ ही चीज अमेरिकेतून आली. सिअ‍ॅटलच्या पेनी सिमकिन यांनी १९८० साली सहलेखिकेसोबत त्यावर पुस्तिका काढली. दवाखान्यात गेल्यावर बाईला कुणी विचारत नाही, तर तिने आपलं म्हणणं आधीच कागदावर द्यावं, हा त्यामागचा विचार. गरीब देशांमध्ये आरोग्य यंत्रणांनी याच सुमाराला आणि नंतर दुसराच कागद तयार केला. त्यात इच्छा नव्हत्या. बाळंतपण कुठे, कोण करणार, गाडी कुणाची, पैसे किती बाजूला काढलेत, रक्त कोण देणार, घरची मुलं कुणाकडे, अडचण आली तर पुढचं मोठं रुग्णालय कोणतं, एवढंच. अंगणवाडीत आशाताई जे विचारतात ते याच वळणाचं. विश्रामबागसारख्या ठिकाणी गंमत अशी, की बाईला दोन्ही कागद लागतात, आणि तिच्याकडे बहुधा एकही नसतो. तिच्याकडे असते ती फाईल, आणि सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जायची तारीख.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी आखणी. तिच्यात शहाणपण आहे. आईजवळ हक्काने कण्हता येतं, सासरी येत नाही. राज्य सरकारनेसुद्धा आदिवासी जिल्ह्यांत आरोग्य केंद्राच्या आवारात गरोदर बाईला दिवस भरण्याआधी येऊन राहता यावं म्हणून जी योजना काढली, तिचं नाव ‘माहेरघर’च ठेवलं. पण या रिवाजाचा एक परिणाम आकड्यांत दिसत नाही. पुण्या-मुंबईत सात महिने जिने तपासलं ती डॉक्टर एक, आणि सांगलीत बाळंतपण करणारी दुसरी. दुसरीच्या हातात पेशंट येते ३४व्या-३५व्या आठवड्यात. तिला ना आधीचे रक्तदाबाचे चढउतार माहीत, ना पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी. आणि दिवसांचा खरा हिशेब त्या पहिल्या सोनोग्राफीवरच असतो. शेवटच्या सोनोग्राफीतली तारीख धरून ‘दिवस उलटले’ म्हणत कळा आणण्याचे प्रकार होतात ते यातूनच. म्हणून माहेरी निघताना ओटीच्या साडीआधी मूळ फाईल बॅगेत गेली पाहिजे: पहिली सोनोग्राफी, रक्तगट, हिमोग्लोबिनचे सगळे रिपोर्ट, धनुर्वाताच्या इंजेक्शनच्या तारखा, आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी. जमलं तर विसाव्या आठवड्याच्या आसपास माहेरी एक चक्कर मारून तिथल्या डॉक्टरांकडेही एकदा तपासून घ्यावं. दोन ठिकाणी नाव घातलं म्हणून कुणी रागावत नाही.

माहेरी जायचं कधी, यालाही आकडा आहे. २८० दिवसांचा हिशेब करून जी तारीख मिळते, त्या नेमक्या दिवशी १०० पैकी जेमतेम चार-पाच जणी बाळंत होतात. आणि २०२० मध्ये भारतात जन्मलेल्या बाळांपैकी सुमारे १३ टक्के ३७ आठवडे पुरे होण्याआधीच आली होती. आठव्याच्या शेवटी जाऊ, डोहाळजेवण उरकून जाऊ, अमावास्या गेल्यावर जाऊ, असं करत पुढे ढकललेला प्रवास या तेरांपैकी एखादीला वाटेत गाठतो. बॅग आणि कागद ३४व्या आठवड्याला तयार असावेत. लहान बाळाचे कपडे आधी आणू नयेत म्हणणाऱ्या सासूबाई असतील तर कपडे जावेच्या घरी ठेवा, पण आणा.

आता दवाखान्यात विचारायचे प्रश्न. ते नवव्या महिन्यात कळांच्या वेळी विचारता येत नाहीत, सहाव्या-सातव्यात विचारावे लागतात. पहिला प्रश्न सगळ्यात अवघड: गेल्या वर्षी तुमच्याकडे आलेल्या पहिलटकरणींपैकी किती जणींचं सिझर झालं? एकूण टक्का विचारण्यापेक्षा पहिलटकरणींचा विचारावा, कारण आधी सिझर झालेल्या बायका त्यात येत नाहीत आणि दवाखान्याची सवय स्वच्छ दिसते. जिच्याकडे नोंदी आहेत ती डॉक्टर आकडा सांगेल, कदाचित स्पष्टीकरणासह. ‘असं काही नसतं हो, आपल्या हातात थोडंच असतं’ हे उत्तर मिळालं तर तीही माहितीच आहे.

दुसरा प्रश्न रात्रीचा. रात्री दोन वाजता तातडीने सिझर करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोचतात? लहान प्रसूतिगृहांत भूलतज्ज्ञ बहुधा बोलावल्यावर येतात. अगदी तातडीच्या सिझरसाठी निर्णय झाल्यापासून ३० मिनिटं ही जगभर वापरली जाणारी मोजपट्टी आहे. नवजात बाळाचे डॉक्टर कोण, काचेच्या पेटीची गरज लागली तर बाळ कुठे नेणार, हेही त्याच दमात विचारावं. या रस्त्यावर मोठी रुग्णालयं जवळ आहेत म्हणून लहान प्रसूतिगृह निवडण्यात धोका कमी आहे, पण ते ‘जवळ’ कुणी ठरवून ठेवलेलं असलं तरच.

बाकीचे प्रश्न त्या अमेरिकी कागदातले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बाळंतपणातल्या काळजीबद्दल ५६ शिफारशी केल्या. त्यांतल्या काही वाचून आपल्याकडच्या अनेक बायकांना आश्चर्य वाटेल. कळांच्या वेळी सरसकट एनिमा देऊ नये. सरसकट केस काढू नयेत. टाके पडतील असा छेद सगळ्यांना घेऊ नये. धोका नसलेल्या बाईला चालू-फिरू द्यावं, खाऊ-पिऊ द्यावं. खऱ्या जोराच्या कळा गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर सुरू झाल्या असं धरावं, आणि तिथून पुढे पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात. तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, या जुन्या नियमावर घाई करू नये. यातलं काय तुमच्याकडे पाळलं जातं, असं विचारण्यात उद्धटपणा नाही. मात्र ‘आम्हाला नॉर्मलच पाहिजे’ असं लिहून देणं म्हणजे आखणी नव्हे. बाळाचे ठोके पडले तर सिझरला आमची हरकत नाही, कारण मात्र आम्हाला दोन वाक्यांत सांगा, असं लिहिलेलं डॉक्टरलाही आवडतं.

सगळ्या आखणीत स्वस्त आणि परिणामकारक गोष्ट एकच आहे: सोबत. १७ देशांतल्या २६ चाचण्या आणि १५,८५८ बायका यांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कळांच्या सबंध काळात जिच्याजवळ कुणीतरी सतत होतं, तिला सिझर लागण्याचं प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी आढळलं, आणि कळांचा काळ सरासरी चाळीस मिनिटांनी. औषध नाही, यंत्र नाही, पाठ चोळणारा हात फक्त. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत अशी सोबतीण असू द्यावी असं कळवलं. अट अशी, की ती स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई असावी. तरीही अनेक लेबर रूमच्या दाराबाहेर आई बाकावर बसलेली दिसते. नवऱ्याला आत घेतात का, हा प्रश्न खाजगीत तरी विचारून पाहावा. आत कोण जाणार हे घरात आधी ठरवावं. मोठ्या आत्याला मान म्हणून पाठवलं आणि ती आत जाऊन तिच्या वेळच्या हकीकती सांगत बसली, तर त्या चाळीस मिनिटांचं काही खरं नाही.

मग दुसरा कागद, वाईट रात्रीचा. बाई दगावते ती तीन उशिरांमुळे, अशी मांडणी संशोधक १९९४ पासून करत आलेत: घरात निर्णय व्हायला उशीर, दवाखान्यात पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला उशीर. विश्रामबागला दुसरा उशीर फारसा नाही असं वाटतं, पण सांगलीत पावसाळा असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. जिचे दिवस श्रावणाच्या आगेमागे भरतात आणि माहेर नदीपलीकडे किंवा गावठाणात सखल भागात आहे, तिने पाणी वाढायची वाट न बघता अलीकडच्या नातेवाइकाकडे मुक्काम हलवणं हा आखणीचाच भाग. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, गरोदर बाईसाठी १०२ आहे. पाण्यातून मात्र दोन्ही जात नाहीत.

पहिला उशीर घरातला. पाणमोट फुटली, अंगावरून रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, यातलं काहीही झालं तर कुणाला न विचारता निघायचं, हे घरातल्या सगळ्यांच्या देखत एकदा ठरून जावं. नवरा कामावर, सासरे देवदर्शनाला, म्हणून फोनाफोनीत तास गेलेला चालत नाही.

रक्ताचं वेगळं सांगायला हवं. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी आढळलं. १०० दिवस लोहाच्या गोळ्या खाल्लेल्या निम्म्यासुद्धा नाहीत, ४८.२ टक्के. बाळंतपणानंतर अर्धा लिटर रक्त जाणं ही धोक्याची खूण मानतात. हिमोग्लोबिन बारा असलेली बाई ते सोसते, आठची सोसत नाही. म्हणून आखणीतली सर्वांत महत्त्वाची ओळ पाचव्या महिन्यातली आहे: गोळी रोज, चहासोबत नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८व्या आठवड्याचं इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आतलं दुसरं. निगेटिव्ह रक्तगटाच्या दोघा-तिघांचे फोन नंबर फाईलच्या पहिल्या पानावर असावेत.

पैशांचं थोडक्यात. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत एका बाळंतपणाचा सरासरी खर्च शहरी भागात सरकारी रुग्णालयात सुमारे ३,१०० रुपये आणि खाजगीत सुमारे २९,१०० रुपये आला होता. ग्रामीण भागात २,४०० आणि २०,८०० च्या आसपास. आजचे दर अर्थात यापुढे गेलेत. पण पट तेवढाच धरून चाला. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारीत औषधं, तपासण्या, रक्त, सिझर आणि घरी सोडणारी गाडी मोफत आहे. जेवणही नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस. तिथे कुणी पैसे मागितले तर हे माहीत असलेलं बरं. खाजगीत ‘पॅकेज’ विचारताना नॉर्मलचं आणि सिझरचं वेगवेगळं विचारावं, आणि बाळ काचेत ठेवलं तर दिवसाचे किती, हे नक्की. हिशेब कोलमडतो तो बहुतेकदा तिथेच.

सिझर ठरवून करायचं असेल तर मुहूर्ताचा विषय निघतोच. पंचांग बघायला माझी ना नाही, आठवडे बघून झाल्यावर. डेन्मार्कमधल्या ३४ हजारांहून अधिक बाळंतपणांच्या अभ्यासात (२००८) ३७व्या आठवड्यात ठरवून केलेल्या सिझरच्या बाळांपैकी १० टक्क्यांना श्वासाचा त्रास झाला, ३८व्यात ५.१ टक्क्यांना, ३९व्यात २.१ टक्क्यांना. गुरुपुष्यामृतासाठी दोन आठवडे अलीकडे आणलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता चौपट-पाचपट होते. ज्योतिषाला तारीख विचारायची तर आधी डॉक्टरांकडून ३९ आठवडे पूर्ण झाल्यानंतरचे दिवस लिहून घ्यावेत आणि त्यातलाच एक निवडायला सांगावं. वैद्यकीय कारण असेल तेव्हा अर्थात दोन्ही कॅलेंडरं बाजूला.

आणि बाळ जन्मल्यावरचा पहिला तास. इथला आकडा मला सगळ्यात जास्त खटकतो. राज्यात ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात, पण जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजलेली बाळं ५३.२ टक्केच. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आधीच्या फेरीत ती ५७.५ होती. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली आणि हे कमी झालं. सिझरनंतर आईला वेगळं ठेवायचं, बाळ आधी नातेवाइकांना दाखवायचं, मग पुसून गुंडाळून आजीकडे द्यायचं, आणि आजीने मधाचं बोट लावायचं, अशी सगळ्यांची मिळून ती तासाची गळती आहे. नाळ एक मिनिट तरी कापू नये, बाळ लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवावं, सिझर असलं आणि आई शुद्धीत असली तरीही, हे लिहून द्यावं आणि सिस्टरला आठवण करायचं काम सोबतिणीवर सोपवावं. मधाची बाटली आणलीच जाऊ नये, हे आधी घरात बोलावं लागतं. दवाखान्यात बोलायला फार उशीर झालेला असतो.

सिझर झालंच तर घरी निघण्याआधी एक काम राहतं. डिस्चार्ज कार्डावर ‘एलएससीएस’, म्हणजे सिझर, एवढंच लिहिलेलं असतं. कारण काय होतं, बाळाचे ठोके की तोंड उघडत नव्हतं की बाळ आडवं, आणि गर्भाशयावरचा छेद खालचा आडवा होता की उभा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. एका सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या निवडक बायकांपैकी ६० ते ८० टक्के जणी नॉर्मल बाळंत होतात. पण तो प्रयत्न करू द्यायचा का, हे पुढची डॉक्टर त्या दोन ओळींवरून ठरवते, आणि दुसरं बाळंतपण बहुधा दुसऱ्याच गावात होतं.